पेशंटशी थट्टा कितपत करावी? (घरी सेवा देणाऱ्या मुलींच्या ट्रेनिंगसाठी)

सुदामानगर
नमस्कार मंडळी. इंदुरात घरोघरी पेशंटकडे आया आणि अटेंडंट पाठवण्याचं काम आहे. पुढच्या महिन्यात १४ नव्या मुली येतायत, बहुतेक धार, बडवानी, खरगोनकडच्या. बेडपॅन, स्पंजिंग, कूस बदलणं, नळीनं भरवणं, हे शिकवायची सोय आहे. अडतं ते बोलण्यापाशी. नातेवाइकांच्या तक्रारी दोन टोकांच्या असतात. एक म्हणजे 'ती आली की घरात सुतक असल्यासारखं वाटतं', नाहीतर 'फार खिदळते, बाबांची चेष्टा करते'. एकाच मुलीबद्दल दोन घरांतून या दोन्ही तक्रारी येऊ शकतात.

या विषयावर दोन तासांचं सत्र ठेवायचं आहे. 'हसतमुख राहा' हे वाक्य नको, ते भिंतीवर लिहिलेलं आहेच. कुठल्या कामाच्या वेळी थट्टा चालते आणि कुठल्या वेळी तोंड बंद ठेवायचं? कुठल्या आजारात विनोद उलटतो? आणि पेशंटनंच सुरुवात केली तर मुलीनं काय करायचं?

पेशंट बहुतेक सत्तरीपुढचे. निम्मे मराठी, म्हणजे रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर. मुली हिंदी आणि निमाडी बोलणाऱ्या. आजार म्हणाल तर पक्षाघात, खुब्याचं हाड, पार्किन्सन, डिमेन्शिया, ऑपरेशननंतरचे महिना-दोन महिने, आणि कॅन्सरचे शेवटचे दिवस. नेमकं सांगणारं कुणी आहे का इथे?

जुनी सिस्टर
हसू आणणं वेगळं आणि हसं करणं वेगळं. सत्राची सुरुवात या दोन शब्दांनी करा. हिंदीत एवढ्या थोडक्यात ते बसत नाही, तेव्हा मुलींना 'साथ में हँसना' आणि 'किसी पर हँसना' असं फोडून सांगावं लागेल.

पहिला दिवस कोरा ठेवायचा. मुलीनं स्वतःहून एकही विनोद करायचा नाही, फक्त पेशंट कशावर हसतो ते बघायचं. सुनेवर? डॉक्टरच्या अक्षरावर? स्वतःच्या पायावर? की कशावरच नाही? दुसऱ्या दिवसापासून तो जिथवर जातो तिथवर जायचं, त्याच्या पुढे नाही. हे 'पुढे' म्हणजे काय ते उदाहरणाशिवाय कळत नाही. पेशंट म्हणाला, 'माझा डावा पाय रिटायर झाला.' त्यावर 'और पेन्शन भी नहीं मिलेगी' म्हणणं हे पुढे जाणं. 'रिटायर कहाँ, छुट्टी पर है, चलो हाजरी लगवाते हैं' म्हणून व्यायामाला हात लावणं हे बरोबर चालणं. स्वतःच्या शरीराची थट्टा करायचा हक्क पेशंटचा. तो त्यानं वापरला म्हणजे आपल्यालाही मिळाला असं नाही.

आणि काही विनोदांच्या पोटात प्रश्न असतो. कॅन्सरचा पेशंट म्हणतो, 'पुढच्या रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आम्ही भिंतीवरच्या फोटोतून बघणार.' इथे खो खो हसायचं नाही, आणि 'ऐसा नहीं बोलते बाबूजी' म्हणून तोंडही दाबायचं नाही. थोडंसं हसायचं, हातातलं काम थांबवायचं, दोन-तीन सेकंद गप्प राहायचं आणि विचारायचं, 'रात को डर लगता है क्या?' बोलायचं असेल तर बोलेल. नसेल तर तोच विषय बदलेल, मग आपणही बदलायचा. मात्र तो काय बोलला ते घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवायचं.

आता कामाप्रमाणे.

चादर. एवढी एक खूण पुरते. चादर बाजूला झाली की विनोद बंद, परत छातीपर्यंत आली की सुरू. स्पंजिंग, डायपर, बेडपॅन, लघवीची नळी, मूळव्याधीचं ड्रेसिंग, सगळं यात आलं. उघड्या माणसाला परतफेड करता येत नाही, म्हणून त्या वेळची थट्टा बरोबरीची राहत नाही. त्या वेळी बोलायचं ते फक्त पुढे काय होणार ते: 'अब पानी लगेगा, गुनगुना है', 'अब बायीं करवट'. पोटातून आवाज झाला तर नाकाला पदर नाही आणि हसूही नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर वारा सरणं म्हणजे आतडी कामाला लागली, डॉक्टर राऊंडला तेच विचारतात. तेव्हा 'अच्छा है, पेट चालू हुआ' म्हणायचं आणि पुढचं काम.

वजन. 'बाबूजी, मेरी कमर तोड़ोगे!' घरोघरी सर्रास ऐकू येतो तो हाच विनोद, आणि सगळ्यांत जास्त लागतोही हाच. परावलंबी माणसाला आपण ओझं झालोय ही एकच गोष्ट रात्रंदिवस सलत असते, आणि आपण नेमकं तिथेच बोट ठेवतो. दोघींनी पेशंटच्या खालची आडवी चादर धरायची, 'एक, दो, तीन' मोजायचं, सरकवायचं. आकड्यांशिवाय एक शब्द नको.

गोळ्यांचा डबा. डबा उघडल्यापासून बंद होईपर्यंत गंमत नाही. 'आज जलेबी खायी, अब इन्सुलिन डबल' हे वाक्य गमतीचं आहे हे तिला माहीत असतं. ऐकणाऱ्या सासूबाईंना माहीत असेलच असं नाही, आणि संध्याकाळी इन्सुलिन देणारी दुसरीच असते. डोस, पथ्य, 'चालेल' आणि 'चालणार नाही' हे सगळं कोरड्या आवाजात. सांगून झालं की त्यांच्याकडून एकदा वदवून घ्यायचं, मग काय त्या गप्पा.

हाक. ही अर्धी लढाई. 'माताजी' ऐकलं की मराठी आजींना देवळात बसवल्यासारखं वाटतं. त्याहून गमतीचं म्हणजे 'बाई'. आपल्याकडे शाळेतल्या बाई म्हणजे मान. निवृत्त शिक्षिका स्वतःच सांगते, 'मला बाई म्हण.' मुलीच्या कानाला मात्र ते कामवाली बाईसारखं लागतं, म्हणून ती म्हणत नाही, आणि बाई रुसतात. पहिल्या दिवशी विचारून वहीत लिहायचं: काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही. आणि लाडिक बाळबोली ('आज हमारा राजा बेटा खाना खायेगा ना?') पूर्ण बंद. तिला ते प्रेम वाटतं. पण डिमेन्शियाच्या पेशंटशी असं बाळासारखं बोललं की ते जास्त विरोध करतात, हात झटकतात, तोंड मिटून घेतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

पोहे विदाउट जिलबी
भिया, एवढा काथ्याकूट कशाला? हसणं हेच औषध. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आता जगभर पसरलाय. रोज सकाळी पेशंटला पलंगावर बसवा, १५ मिनिटं हो-हो-हा-हा. मुलींना वेगळं काही शिकवायलाच नको.

श्वास घ्या
पोहे, बागेत चालत येणारा माणूस आणि पलंगावरचा पेशंट यांत फरक आहे. हास्यक्लबवाले स्वतःच हर्निया, रक्ती मूळव्याध, फिट्स, ताबा नसलेलं बीपी आणि ताजं ऑपरेशन असणाऱ्यांना नको म्हणतात. सुदामानगरांचे निम्मे पेशंट तिथेच गळले.

अमेरिकेतल्या नॉर्मन कझिन्स या पत्रकाराचं उदाहरण हमखास दिलं जातं, म्हणून आधीच सांगतो. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास दुखण्याशिवाय झोप लागते, असं त्यानं १९७६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पण ते एका माणसाचं स्वतःबद्दलचं निरीक्षण होतं, आणि कशावर हसायचं, केव्हा हसायचं ते त्यानं स्वतः ठरवलं होतं. सकाळी सात वाजता कुणी 'हँसो' म्हणून उभं राहिलं नव्हतं.

फिजिओच्या बाजूनं, हसणं म्हणजे शरीराला काय काम पडतं ते मुलींना कळू दे. पोटाचे स्नायू झटक्याझटक्यानं आवळतात, पोटातला दाब वाढतो, टाके ओढले जातात. पोटाचं ऑपरेशन असेल तर पलंगावर कायम एक छोटी उशी किंवा चौघडी केलेला जाड टॉवेल हवा. हसू आलं, खोकला आला की गुडघे वाकवून, किंचित पुढे झुकून, दोन्ही हातांनी उशी जखमेवर घट्ट धरायची. बायपासच्या पेशंटचं छातीचं मधलं हाड तारांनी शिवलेलं असतं, ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर उशी छातीशी कवटाळून. हसू नका असं सांगायची गरज नाही, उशी हाताशी आहे की नाही ते बघायचं. बरगडी मोडलेल्या माणसाला मात्र मुद्दाम हसवणं म्हणजे छळच.

दमा आणि सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) हसण्याच्या शेवटी खोकल्याची उबळ येते, छातीत हवा कोंडते. अशा पेशंटला लांबण लावलेला, शेवटी धमाल उडवणारा किस्सा नको. हलकं स्मित पुरे. उबळ आलीच तर बसवायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, नाकानं श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायला लावायचं. पाठीवर धपाटे नाहीत.

बायकांची, विशेषतः वयस्कर बायकांची, हसताना लघवी सुटते. कुणी सांगत नाही, फक्त हसायचं बंद करतात, आणि मुलीला वाटतं आजी खडूस आहेत. गप्पांना बसायच्या आधी पॉट द्यायचा, एवढा साधा उपाय.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पलंगावरून खुर्चीत घेताना, संडासला नेताना, जिन्यावर, अजिबात हसवू नका. हसताना हातापायांतलं बळ खरंच सैल पडतं. हसून मुरकुंडी वळते असं आपण म्हणतो ते उगाच नाही. पेशंटचा गुडघा सुटतो, धरणारीची पकड सुटते, दोघं खाली. खुब्याचं हाड एकदा बसवलेल्याला दुसऱ्यांदा पडणं परवडत नाही.

थट्टा खरोखर कामाला येते ती स्पायरोमीटरला. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं खेळणं सगळ्यांच्या उशाशी असतं आणि निम्मे लोक त्यात फुंकर मारतात. त्यात श्वास आत ओढायचा असतो. चेंडूंवर ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला तेवढे सीसी हवा. पुरुष मंडळी हटकून तिसरा चेंडू उडवायला झटका मारतात, त्यानं फुप्फुसाचा तळ भरतच नाही. हवंय ते म्हणजे एक-दोन चेंडू सावकाश वर नेऊन तीन सेकंद तरंगत ठेवणं. इथे 'लिफ्ट दूसरी मंज़िल पर रोको, दरवाज़ा खुलने दो, सवारी उतरने दो' असली बडबड उपयोगी पडते, कारण तेवढं बोलायला तीन सेकंद लागतातच. जागेपणी तासाला दहा श्वास, मध्ये विश्रांती. चक्कर आली तर थांबायचं.

पोहे विदाउट जिलबी
मागे घेतो. पण लिफ्टची आयडिया आमच्याकडून क्लबात नेणार.

वाचा आणि गिळणं
मी मेंदू आणि घसा एवढ्यापुरतंच बोलते.

भरवताना विनोद नाही. घास ओठांत गेल्यापासून तोंड रिकामं दिसेपर्यंत. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनळीचं दार मिटतं. हसताना नेमकं उलट. दार उघडं, हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर, आणि शेवटी एक मोठा श्वास आत. त्या श्वासाबरोबर तोंडातलं वरण श्वासनळीत. धडधाकट माणसाला ठसका लागतो आणि निभावतं. पक्षाघाताच्या काही पेशंटना ठसकाही लागत नाही. मुलीला वाटतं छान उतरलं, आणि दोन-तीन दिवसांनी ताप आणि न्यूमोनिया.

पाठ सरळ, जवळजवळ ९० अंशांत. चहाचा चमचा, तोही अर्धा. कंठमणी वर जाऊन खाली आलेला दिसला पाहिजे. बायकांचा दिसत नाही, तिथे दोन बोटं गळ्यावर अलगद टेकवायची. मग 'आ' करायला सांगून दुबळ्या बाजूच्या गालात बघायचं, घास तिथे बसून राहतो. मग 'आ' असा आवाज काढायला लावायचा. गुळणी केल्यासारखा ओला आवाज आला तर भरवणं थांबवायचं आणि कळवायचं. जेवण झालं की अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं असतं. लोक कंटाळून आडवं करतात. गप्पांचा, थट्टेचा तास म्हणजे हाच अर्धा तास. दोन्ही कामं होतात.

खरा धोका मुलींपेक्षा भेटायला आलेल्या पुतण्याचा. काकांना जेवताना हसवणं ही त्याची सेवा असते, वर छप्पन दुकानांवरून (इंदूरची खाऊगल्ली) काहीतरी खायला आणलेलं असतं. पोहे-शेव आणि जिलबी हे तर गिळण्याच्या दृष्टीनं वाईटच. शेव भुरभुर पसरते, जिलबी बाहेरून कडक आणि आतून पातळ पाक, दोन्ही एकदम सांभाळायला दुबळी जीभ पुरत नाही. मुलीला एक वाक्य पाठ असू द्या: 'बाबूजी, पहले निगलो, फिर भैया सुनायेंगे।' हे पेशंटला म्हटलेलं असतं, ऐकू पुतण्याला जातं.

आता मेंदूची बाजू. डावं अंग लुळं म्हणजे मार बहुधा उजव्या मेंदूला. अशा माणसाला शब्द नीट कळतात, पण सूर निसटू शकतो. आणि आपलं मराठी घरातलं बोलणं निम्मं उपरोधावर चालतं. 'वा, लवकर उठलात!' म्हटलं की तो गंभीरपणे सांगेल, 'नाही, उशीर झाला.' किंवा दिवसभर ते मनात धरेल. इथे टोमणा, कोपरखळी, तिरकस बोलणं सगळं बंद. जे म्हणायचं ते सरळ.

उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली असेल तर उलटं. सूर आणि चेहरा कळतो, शब्द अडतात. शाब्दिक कोट्या वाया जातात. चष्मा उलटा लावणं, टोपी नातवाच्या डोक्यावर ठेवणं, असला डोळ्यांना दिसणारा गमतीचा प्रकार चालतो. चहा मागताना तोंडातून 'खुर्ची' आलं तर हसायचं नाही. चहा द्यायचा आणि 'चहा' हा शब्द सहज म्हणायचा. तो स्वतः हसला तरच आपण. आणखी एक: अशा पेशंटना पाढे, वारांची नावं, आरती आणि शिव्या या गोष्टी अनेकदा सलग येतात, कारण त्या घोकून बसलेल्या असतात. आयुष्यभर सभ्य असलेले आजोबा साधं 'पाणी' म्हणू शकत नाहीत आणि शिवी मात्र खणखणीत देतात. घरात हशा होतो, मोबाईलवर व्हिडिओ निघतो. मुलींना ताकीद द्या. त्यांना तो शब्द म्हणायचा नव्हता हे त्यांना कळत असतं.

पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना हसू फुटतं आणि थांबवता येत नाही, किंवा हसता हसता रडू येतं. हा विनोद नाही, आजाराचा भाग आहे. सोबत हसू नका, 'क्यों हँस रहे हो' विचारू नका. नजर थोडी दुसरीकडे, संथ श्वास घ्यायला लावायचा, बसण्याची स्थिती बदलायची, काम पुढे चालू. डॉक्टरांना जरूर सांगा, यावर औषधं आहेत.

पार्किन्सनमध्ये चेहरा हलत नाही. विनोद पोचलेला असतो, आवडलेलाही असतो, फक्त चेहऱ्यावर यायला वेळ लागतो किंवा येतच नाही. मुलगी गोंधळते आणि तोच विनोद समजावून सांगायला लागते. याहून मोठा अपमान नाही. मनातल्या मनात दहा मोजा. पुष्कळदा आठव्या-नवव्या आकड्याला बारीक आवाजात सवाई उत्तर येतं.

डिमेन्शियात तोच किस्सा सहाव्यांदा ऐकायची तयारी हवी. 'ये तो बता चुके' म्हणायचं नाही. काय बोललं गेलं ते विसरतात, पण वाईट वाटलं ते मागे राहतं. संशयाची पायरी आलेली असेल तर खोलीत कुणी कुजबुजून हसायचंच नाही, कारण ते आपल्यावरच आहे अशी त्यांची खात्री असते. आणि गंभीर स्वभावाचा माणूस अचानक आचरट, अश्लील विनोद करायला लागला तर ते लक्षण म्हणून नोंदवा, 'बुढ़ापे में रंगीन' म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

बालवॉर्ड
यादीत लहान मुलं नाहीत, पण एक गोष्ट घरोघरी होते म्हणून सांगतो. हातमोज्याचा फुगा करून, त्यावर डोळे काढून नातवाला देतात. आठ वर्षांखालच्या मुलाला नको. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला तर काढता येत नाही, शिवाय काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते. त्यापेक्षा साबणाच्या पाण्याचे फुगे. नेब्युलायझरच्या आधी, इंजेक्शनच्या वेळी मूल मांडीवर सरळ बसलेलं आणि फुंकर मारत असलेलं बरं. गुदगुल्या अजिबात नाहीत. धरून ठेवलेल्या मुलाला गुदगुल्या म्हणजे गंमत नव्हे. 'रडलास तर सुई' ही थट्टाही नाही, तो दम आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९८६ पासून सर्कशीतले विदूषक मुलांच्या वॉर्डात जाऊ लागले. त्या कामाची एक पद्धत मोठ्यांनाही लागू आहे: दारात थांबायचं, आत येऊ का विचारायचं, आणि 'नको' म्हटलं तर खरंच निघून जायचं. दिवसभरात ज्या मुलाला कशालाच नाही म्हणता येत नाही, त्याला एका माणसाला तरी हाकलता येतं.

सुदामानगर
हे सगळं छापून घेणार. अजून दोन अडचणी. काही पुरुष पेशंट चावट बोलतात, आणि मुली घाबरून हसतात. मग घरचे म्हणतात, 'तिलाही आवडतं.' दुसरं, रात्रपाळीला मुली एकमेकींशी फोनवर बोलताना हसतात, त्यावरून भांडणं होतात.

जुनी सिस्टर
चावटपणाचं आधी. घाबरून येणारं हसू थांबवता येत नाही, म्हणून चेहऱ्याऐवजी हातांना शिकवा. वाक्य कानावर पडलं की हातातली वस्तू खाली ठेवायची आणि एक पाऊल मागे. पहिल्यांदा एवढंच, बोलायचं काही नाही. दुसऱ्यांदा एकच वाक्य, सपाट आवाजात: 'ऐसी बात मुझसे नहीं करना।' त्याला 'बाबूजी, प्लीज़' जोडायचं नाही. तिसऱ्यांदा पेशंट सुरक्षित आहे, कठडा वर आहे, हे बघून खोलीबाहेर, आणि तुम्हाला फोन. वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द. पेशंट डिमेन्शियाचा असेल तर वर सांगितलंय तसं डॉक्टरांना कळवायचं आणि मुलीच्या जागी ब्रदर पाठवायचा. पण शुद्धीत असेल तर ती थट्टा नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाची जागा म्हणून राहतं घरही धरलेलं आहे, आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगा, आणि घरच्यांना करारातच लिहून द्या. करारात लिहिलेलं असलं की 'तिलाही आवडतं' हे वाक्य सहसा येत नाही.

मुलीच्या रंगावरून, गावावरून, निमाडी बोलण्यावरून घरात विनोद होतात, तेही याच वहीत. उलट्या बाजूनं, आपली इंदुरी मराठी हिंदीमिश्रित म्हणून पुण्याहून आलेला पाहुणा हसतो, तसं मुलीनं आजींच्या हिंदीवर हसू नये. भाषेवरून झालेली थट्टा लोक फार वर्षं लक्षात ठेवतात.

रात्रीच्या फोनबद्दल 'फोन बंद' असा नियम करून उपयोग नाही, कुणी पाळत नाही. त्यांनाही बारा तास काढायचे असतात, आणि या कामातला शीण एकमेकींत हसूनच निघतो. तेव्हा जागा ठरवा. पेशंटच्या कानावर शब्द जाणार नाही एवढं लांब बसलं तरी हसण्याचा आवाज जातोच, आणि शब्दांविना आलेला हसण्याचा आवाज सगळ्यांत वाईट. म्हणून बोलणं मधलं दार लावून, गच्चीत किंवा स्वयंपाकघरात, घरचं कुणी पेशंटजवळ असताना. पेशंटचं नाव, फोटो, किस्सा व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, नाव काढूनही नाही. गुंगीत असलेला, डोळे मिटलेला पेशंट ऐकत असतो असं धरूनच चालायचं, शेवटच्या दिवसांत तर नक्कीच.

शेवटच्या दिवसांत थट्टा नसावी असं मात्र नाही. ज्यानं जन्मभर फिरक्या घेतल्या त्याच्या खोलीत अचानक सगळे हळू आवाजात बोलायला लागले की त्याला आपण आत्ताच गेल्यासारखं वाटतं. त्यानं सुरू केली तर घ्यायची. दुखणं दहापैकी सात-आठ सांगत असेल तेव्हा नाही. आधी गोळी, ती लागू पडू दे, मग.

सत्रात एक खेळ घ्या. एका मुलीला पलंगावर झोपवायचं, चादर गळ्यापर्यंत, डोळ्यांवर पट्टी. दोघींनी दाराबाहेर उभं राहून काहीही बोलायचं, भाजीचा भाव, बसची वेळ, आणि मधूनमधून हसायचं. शब्द कळू नयेत एवढ्या हळू. पाच मिनिटं. मग आतलीला विचारायचं, त्या कशावर हसत होत्या. बहुतेक जणी 'मुझ पर' म्हणतात.

सुदामानगर
पट्टीला ओढणी चालेल ना? आणि १४ जणींना पाळीपाळीनं झोपवायचं का?

जुनी सिस्टर
ओढणी चालेल. सगळ्यांना झोपवा, बघून कळत नाही. प्रत्येकीची पाच मिनिटं धरली तर ७० होतात, वर उठबस. दोन तासांत बसणार नाही, तीन ठेवा. मध्ये चहा.